कुलूप, किल्ली आणि शंभर टक्के

आपल्या धंद्यात "जॉब" या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, जो सोडायचा विचार आपण दर सोमवारी सकाळी करतो. दुसरा, जो रात्री मशीनवर लावून आपण घरी जातो. आजचा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल, आणि त्यातल्याही एका खास जॉबबद्दल: औषधाचा एखादा रेणू शरीरातल्या प्रोटीनमध्ये कुठे आणि कसा बसेल, हे कॉम्प्युटरकडून शोधून घ्यायचं. याला मॉलिक्युलर डॉकिंग म्हणतात. डॉक म्हणजे आपली गोदी. जहाज जसं अलगद धक्क्याला लागतं, तसा रेणू प्रोटीनच्या खाचेत जाऊन लागतो, म्हणून हे नाव.

आज हे काम एखाद्या वेबसाइटवर करता येतं. प्रोटीनची फाइल द्यायची, रेणूची फाइल द्यायची, बटण दाबायचं. मग स्क्रीनवर एकेक पायरी सरकते: रांगेत, तयारी, डॉकिंग, गट पाडणे, आणि शेवटी "पूर्ण". बघायला अगदी आपल्या बिल्ड सर्व्हरसारखं. पण यातली एकेक पायरी कुठून आली हे शोधत गेलं की सव्वाशे वर्षांचा मोठा गमतीदार इतिहास हाती लागतो. आणि शेवटचं ते "पूर्ण" वाटतं तितकं साधं नाही हेही कळतं.

सुरुवात १८९४ सालची. कॉम्प्युटर तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. एमिल फिशर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ साखरेच्या रेणूंवर काम करत होता. त्याला दिसलं की काही एन्झाइम्स एका साखरेला तोडतात, पण जवळजवळ तशाच दिसणाऱ्या दुसरीला हातही लावत नाहीत. त्यावर त्याने उपमा दिली ती कुलूप-किल्लीची. दोघांचे आकार एकमेकांना जुळले तरच काम होतं. उपमा इतकी चपखल की ती आजही शाळेच्या पुस्तकात आहे. पुढे १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंडने त्यात दुरुस्ती सुचवली: किल्ली आत जाताना कुलूपही थोडं आकार बदलतं. ही दुरुस्ती लक्षात ठेवा, ती पुढे आपल्याला छळणार आहे.

फिशरची अडचण अशी की कुलूप आतून कसं दिसतं हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. ते दिसायला जवळपास साठ-सत्तर वर्षं गेली. केंब्रिजमध्ये जॉन केंड्रू आणि मॅक्स पेरुत्झ यांनी क्ष-किरण वापरून मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन या प्रोटीन्सची रचना शोधली आणि १९६२ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. केंड्रूच्या आकडेमोडीसाठी केंब्रिजचाच एडसॅक हा सुरुवातीचा कॉम्प्युटर वापरला गेला. अशा रचना एका जागी ठेवायला १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक सुरू झाली. तेव्हा तिच्यात रचना होत्या फक्त ७! आज तो आकडा २ लाखांच्या वर आहे. कुणालाही फुकट डाउनलोड करता येतात. डॉकिंगच्या जॉबची पहिली पायरी, म्हणजे "इनपुट फाइल मिळाली", ती या बँकेमुळे शक्य झाली.

आता त्या काळात "जॉब" म्हणजे काय होतं ते बघू. पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत नेऊन द्यायचा आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायला यायचं. मधे काय चाललंय हे कळायची सोयच नाही. जॉबच्या अवस्था दोनच: दिलाय आणि मिळालाय. (आपल्याकडच्या सरकारी कचेरीतल्या अर्जासारखं... असो.) अपवाद म्हणजे एमआयटीसारख्या मोजक्या जागा, जिथे एक मशीन एकाच वेळी अनेकांनी वापरायची सोय झाली होती. तिथे १९६० च्या दशकात सायरस लेव्हिन्थल या शास्त्रज्ञाने प्रोटीनचा आकार पडद्यावर आणला आणि हाताने गोल गोल फिरवून दाखवला. रेणू जुळतोय की नाही हे माणसाने डोळ्यांनी पाहायचं, असा तो काळ.

माणसाचा डोळा काढून तिथे प्रोग्रॅम बसवला तो १९८२ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्विन कुंट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी "डॉक" नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कल्पना सुंदर आहे. प्रोटीनच्या पृष्ठभागावरच्या खाचेत आधी वेगवेगळ्या आकाराचे गोळे भरायचे, जशा आपण डब्यात गोट्या भरू. गोट्यांनी खाच भरली की त्या गोट्यांची मांडणी म्हणजेच किल्लीचा साचा. मग रेणूचे अणू त्या गोट्यांच्या केंद्रांवर बसतात का, हे भूमितीने तपासायचं आणि जुळणीला गुण द्यायचे. बघा, इथे पहिल्यांदा जॉबचे तुकडे पडले: पृष्ठभाग काढा, खाच भरा, जुळवा, गुण द्या. आजच्या वेबसाइटवर सरकणाऱ्या पायऱ्यांची ही पणजी. मात्र यात कुलूप आणि किल्ली दोन्ही दगडासारखी घट्ट धरलेली होती. कॉशलंडची दुरुस्ती सध्या बाजूला.

याच प्रोग्रॅमची एक गोष्ट मला फार आवडते. १९८९ च्या सुमारास एचआयव्हीच्या प्रोटीएज या एन्झाइमची रचना हाती आली होती आणि एड्सवर औषध शोधायची जगभर धडपड चालू होती. कुंट्झच्या गटाने सुमारे १०,००० रेणूंच्या रचना या प्रोग्रॅममधून काढल्या. एक रेणू बरा दिसला. त्याचाच जवळचा भाऊ म्हणजे हॅलोपेरिडॉल, मानसिक आजारांवर आधीपासून वापरात असलेलं औषध. प्रयोगशाळेत तपासलं तर खरंच ते एन्झाइमला अडवत होतं! कॉम्प्युटरने अंदाज केला आणि तो परीक्षानळीत खरा निघाला. पण एन्झाइम अडवायला त्याची जितकी मात्रा लागत होती, तितकी माणसाला विषारी ठरली असती. १९९० च्या शोधनिबंधात त्यांनी हे स्वच्छ लिहिलं की हॅलोपेरिडॉल हे एड्सवरचं औषध म्हणून वापरण्यासारखं नाही. जॉब पूर्ण, निकाल बरोबर, तरीही औषध नाही. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका निबंधात दिसतं.

त्याच १९९० साली कॅलिफोर्नियातल्याच स्क्रिप्स संस्थेत डेव्हिड गुडसेल आणि आर्थर ओल्सन यांनी "ऑटोडॉक" आणलं. (हा गुडसेल म्हणजे पेशीच्या आतली गर्दी जलरंगात रंगवणारा अफलातून चित्रकारही. त्याची चित्रं जरूर शोधून बघा.) यांनी किल्लीला थोडी मोकळीक दिली. रेणूतले काही बंध फिरू शकतात, म्हणजे किल्ली लवचिक झाली. पण लवचिक झाली की शक्यतांची संख्या भूमितीच्या श्रेढीने फुगते. सगळ्या तपासणं अशक्य. मग त्यांनी लोहारकामातली युक्ती घेतली: धातू तापवून हळूहळू थंड करतात तसं रेणूला सुरुवातीला भरपूर उड्या मारू द्यायच्या आणि मग हळूहळू "तापमान" उतरवत त्याला एका जागी स्थिर होऊ द्यायचं.

दुसरी युक्ती आपल्याला लगेच पटेल अशी: कॅशिंग! प्रत्येक उडीला हजारो अणूंशी नव्याने हिशोब करण्याऐवजी खाचेभोवती एक डबा आखायचा, त्यात बारीक जाळी टाकायची आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूवर कुठला अणू किती सुखी राहील हे आधीच मोजून फाइलमध्ये ठेवायचं. म्हणून ऑटोडॉकच्या जॉबचे सरळ दोन भाग झाले: आधी ऑटोग्रिड, मग ऑटोडॉक. ऑटोग्रिडचा लॉग उघडला तर जाळीचा एकेक थर मोजून होताना दिसतो, किती टक्के झालं आणि किती वेळ उरलाय यासकट.

१९९८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत शोधायची पद्धत बदलली. आता रेणूच्या शेकडो स्थितींची एक पिढी, त्यांचं लग्न, पुढची पिढी, त्यातले तगडे टिकणार... डार्विनसारखं. पण एक ट्विस्ट. एखाद्या स्थितीने आयुष्यात थोडी हालचाल करून स्वतःला सुधारलं तर ती सुधारणा थेट तिच्या मुलांना मिळते. म्हणजे पैलवानाचा मुलगा जन्मतःच पैलवान. जीवशास्त्रात लामार्कची ही कल्पना मागे पडली, पण प्रोग्रॅममध्ये छान चालली! यात नशिबाचा भाग असल्यामुळे तोच जॉब दहा वेळा, शंभर वेळा चालवायचा. लॉगमध्ये "रन १ / १०", "रन २ / १०" असं येत राहतं. सगळे संपले की एकमेकांजवळ आलेल्या उत्तरांचे गट पाडायचे. दहातल्या आठ वेळा उत्तर एकाच जागी आलं तर विश्वास वाढतो, दहा वेळा दहा ठिकाणी आलं तर काहीतरी गडबड आहे. वेबसाइटवरची "गट पाडणे" ही पायरी इथली.

आणि लॉगच्या अगदी शेवटच्या ओळींत ऑटोडॉक "यशस्वीरीत्या पूर्ण" अशा अर्थाचं एक वाक्य छापतं. आता विचार करा. समजा तुम्ही तो जाळीचा डबा चुकून प्रोटीनच्या भलत्याच कोपऱ्यात आखला. खरी खाच डब्याच्या बाहेर. तरी जॉब चालेल, पिढ्या जन्मतील, गट पडतील, आणि शेवटी तेच वाक्य छापलं जाईल. प्रोग्रॅमची काही चूक नाही. त्याला सांगितलेलं काम त्याने पार पाडलंय. बिल्ड हिरवा, टेस्ट हिरव्या, आणि फीचर भलतंच. ओळखीचं वाटतंय ना?

इकडे मशीनची बाजूही बदलत होती. नव्वदच्या दशकात नासामध्ये पीबीएस नावाची रांग सांभाळणारी प्रणाली तयार झाली आणि पुढे जगभरच्या क्लस्टरवर पसरली. तिच्यात जॉबची अवस्था एका अक्षरात कळते: क्यू म्हणजे रांगेत, आर म्हणजे चालू, एच म्हणजे थांबवलेला, ई म्हणजे... नाही, एरर नाही! ई म्हणजे "एक्झिटिंग", काम उरकून बाहेर पडतोय. नवीन माणसाच्या पोटात गोळा आणणारं अक्षर. आपल्या पुण्यातही १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली, १९९१ मध्ये परम ८००० आला, आणि पुढे तिथल्या महासंगणकांवर हवामानाच्या जोडीला जीवशास्त्राचे जॉबही रांगेत उभे राहू लागले.

पण सगळ्यांकडे महासंगणक कुठून असणार? यावर २००० साली आलेलं उत्तर भन्नाट होतं. ओल्सनच्या प्रयोगशाळेने एका कंपनीच्या मदतीने "फाइटएड्स ॲट होम" सुरू केलं. तुमचा घरचा पीसी रिकामा बसला असेल तेव्हा तो गुपचूप ऑटोडॉक चालवणार. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या ग्रॅहम रिचर्ड्स यांच्या गटाने कॅन्सरसाठी असाच स्क्रीनसेव्हर काढला. अमेरिकेतल्या अँथ्रॅक्स हल्ल्यांनंतर त्याच यंत्रणेवर अँथ्रॅक्सच्या विषाविरुद्ध सुमारे साडेतीन अब्ज रेणू २४ दिवसांत तपासले गेले. २००५ मध्ये फाइटएड्स आयबीएमच्या वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवर गेलं.

अनोळखी लोकांच्या पीसीवर काम वाटायचं म्हटल्यावर जॉबला एक नवीनच पायरी जोडावी लागली: पडताळणी. कुणाचा पीसी ओव्हरक्लॉक केलेला, कुणाची मेमरी सडकी, कुणी मुद्दाम खोटं उत्तर पाठवणारा. म्हणून गरज पडेल तसा तोच तुकडा दोन वेगळ्या मशीन्सना द्यायचा आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच "वैध" म्हणायचं. तुमच्या खात्यात तो तुकडा "पडताळणी बाकी" म्हणून दिसत राहायचा, का तर जगात दुसरीकडे कुठेतरी कुणाचा तरी पीसी अजून बंद होता. पण इथेही बघा, दोन मशीन्सचं उत्तर जुळलं यावरून गणित नीट झालं एवढंच सिद्ध होतं. गणित ज्यावर केलं ते चित्र खरं आहे का, हा प्रश्न तसाच.

चित्र खोटं असू शकतं, कारण कुलूप हलतं. कॉशलंड परत आला! एचआयव्हीचं इंटिग्रेज नावाचं आणखी एक एन्झाइम आहे. सॅन डिएगोमध्ये अँड्र्यू मॅकॅमन यांच्या गटाने क्ष-किरणांतून मिळालेली एकच रचना घेण्याऐवजी, ते प्रोटीन वेळेनुसार कसं हलतं याचं सिम्युलेशन केलं, त्यातले वेगवेगळे क्षण घेतले आणि त्यांच्यावर ऑटोडॉक चालवलं. तेव्हा त्यांना मूळ रचनेत न दिसणारी एक चर सापडली, जी प्रोटीन हलताना उघडते. हे २००४ मध्ये छापून आलं. इंटिग्रेजला अडवणारं पहिलं औषध, राल्टेग्राव्हिर, ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते मर्क कंपनीच्या लोकांच्या अनेक वर्षांच्या मेहनतीचं फळ, त्याचं सगळं श्रेय डॉकिंगला देणं चूक. पण डॉकिंगने नेमकी कुठे मदत होते याचं हे चांगलं उदाहरण: उत्तर द्यायला नव्हे, कुठे बघायचं ते सांगायला.

२०१० मध्ये स्क्रिप्समध्येच ओलेग ट्रॉट आणि ओल्सन यांनी "व्हिना" काढलं. जुन्या ऑटोडॉकपेक्षा खूपच वेगवान, सगळे कोअर वापरणारं, जाळीही स्वतःच आतल्या आत मोजणारं. याने जॉबचा माग ठेवणं फारच सोपं केलं. काळ्या पडद्यावर ० ते १०० टक्क्यांची पट्टी, आणि तिच्याखाली एकेक तारा उमटत जातो. तारे १०० पर्यंत पोचले की उत्तरांचा छोटासा तक्ता. पण १०० टक्के कशाचे? तर व्हिनाने स्वतःच ठरवलेल्या कामाचे. किती कसून शोधायचं याचा एक आकडा असतो, न सांगितल्यास ८. तो वाढवला तर वेळ वाढतो, पट्टी हळू सरकते, आणि शेवटी पुन्हा १०० टक्केच दाखवते! शक्यतांचा समुद्र किती टक्के पिंजून झाला हे कुठलीच पट्टी सांगत नाही, कारण तो समुद्र मोजलेलाच नाही.

तक्त्यातल्या आकड्यांचंही तसंच. किलोकॅलरीमध्ये उणे ९.१, उणे ८.७ असे दशांश चिन्हासकट आकडे आले की आपल्याला ते वजनकाट्यासारखे वाटतात. पण या अंदाजांची सर्वसाधारण चूक २ किलोकॅलरीच्या आसपास असते, आणि २ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीच्या ताकदीत साधारण तीसपट फरक. म्हणजे उणे ९.१ हा उणे ८.७ पेक्षा सरस, असं म्हणणं हे किराणा दुकानातल्या पोत्याच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं.

हे सगळं तांत्रिक खुसपट वाटत असेल तर २०२० आठवा. करोनाच्या मुख्य प्रोटीएजची रचना ५ फेब्रुवारी २०२० ला डेटा बँकेत जाहीर झाली. जग घरात बंद, प्रोग्रॅम फुकट, लॅपटॉप सगळ्यांकडे. डॉकिंगवर आधारलेल्या निबंधांचा पूर आला. जुलैमध्ये आपल्या सरकारनेही औषधशोधाची हॅकेथॉन काढली. हळदीतल्या कर्क्युमिनपासून स्वयंपाकघरातल्या कितीतरी रेणूंवर जॉब लागले, आणि सगळ्यांचे आकडे उणे सात-आठ-नऊ असे छान आले. येणारच. खाचेत टाकलेला रेणू कुठेतरी बसतोच, प्रोग्रॅमचं कामच ते आहे! तिथून "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" असं व्हॉट्सॅपवर पोचायला कितीसा वेळ लागणार? यातली कर्क्युमिनची गोष्ट तर अशी की प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना हा रेणू सहज फसवतो, असा इशारा देणारा सविस्तर आढावा २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला होता. एखादा घाबरलेला माणूस अशा मेसेजवर विसंबून दवाखान्यात जायला दोन दिवस उशीर करतो, तेव्हा त्या "पूर्ण" ची किंमत कुणीतरी खरीखुरी मोजत असतं.

मग डॉकिंग निरुपयोगी का? अजिबात नाही. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी, कुंट्झच्या त्या जुन्या "डॉक" च्या वारसाला घेऊन, मेंदूतल्या एका डोपामाइन रिसेप्टरवर १३ कोटी ८० लाख रेणू चालवले. आणि मग त्यांनी नुसते अव्वल नंबर उचलले नाहीत. वरचे, मधले, खालचे असे सगळ्या गुणपातळ्यांवरचे मिळून ५४९ रेणू प्रत्यक्ष बनवून घेतले आणि प्रयोगशाळेत तपासले. गुण जसे उतरत गेले तसं खरोखर चिकटणाऱ्या रेणूंचं प्रमाणही उतरत गेलं. म्हणजे एकेका आकड्यावर भरवसा नको, पण मोठ्या गर्दीत कुठे बघायचं याची दिशा तो देतो. आणि हे आपल्याला ठामपणे सांगता येतं ते त्यांनी नापास मुलांचे पेपरही तपासले म्हणून.

याच जातीची छोटी तपासणी कुणालाही घरबसल्या करता येते. ज्या प्रोटीनमध्ये आधीच एक रेणू बसलेला दिसतोय अशी रचना घ्यायची, तो रेणू काढायचा, आणि प्रोग्रॅमला म्हणायचं, बस बघू परत. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आला तर ठीक. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग.) याच्या पुढची पायरी म्हणजे २००१ पासून चालू असलेली काप्री ही स्पर्धा. तिथे प्रोटीन प्रोटीनला कसं जुळतं याचा अंदाज आधी पाठवावा लागतो, खरी रचना नंतर उघड होते. कॉपी करायला उत्तरपत्रिकाच नसते.

तर हा जॉबच्या पायऱ्यांचा इतिहास. गंमत म्हणजे प्रत्येक पायरी कुणाच्या तरी अडचणीतून आली आहे. जाळी आली वेळ वाचवायला, गट आले नशिबावर मात करायला, पडताळणी आली अनोळखी पीसींवर विश्वास नव्हता म्हणून, टक्क्यांची पट्टी आली आपला धीर सुटतो म्हणून. प्रत्येक पायरी फक्त आपल्यापुरतं उत्तर देते. "हे खरं आहे का?" या प्रश्नाची पायरी मात्र स्क्रीनवर नाही. ती प्रयोगशाळेत, ओट्यावरच्या परीक्षानळ्यांमध्ये आहे, आणि तिला महिने, वर्षं लागतात. तिथे रांगेत उभं राहण्याला पर्याय नाही, आणि तिथला जॉब लावून घरीही जाता येत नाही.

पुढच्या वेळी कुठल्याही पट्टीवर १०० टक्के दिसले की एवढंच विचारायचं: कशाचे? डॉकिंग असो, बिल्ड असो, नाहीतर व्हॉट्सॅपवरचा मेसेज असो.